वीज गेली, वीज आली

(पाठ-परिचय : दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस मराठवाड्यात वादळी वारे सुटतात. झाडे पडतात, पत्रे उडतात, तारा तुटतात आणि सारे शहर अंधारात बुडते. हे का घडते, गेलेली वीज परत कशी येते आणि तोपर्यंत आपण काय करावे व काय करू नये, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, मराठीतील ‘वीज’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. पावसाळी ढगांत चमकते तीही वीज आणि तुमच्या घरातील दिवा ज्यामुळे पेटतो तीही वीज. उर्दूतही असेच आहे. ‘बिजली’ हा एकच शब्द आपण दोन्हींसाठी वापरतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यात या दोन विजांची गाठ दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत पडते. पहिली आली, की दुसरी जाते!

ते दिवस आठवा. सकाळपासून ऊन तापलेले असते. दुपारी पारा चाळीस अंशांच्या वर जातो. वारा पडलेला असतो. झाडाचे पानही हालत नाही. गच्चीवर कुठे पापड-कुरडया, तर कुठे शेवया वाळत असतात. चार वाजण्याच्या सुमारास एका बाजूला काळे ढग जमू लागतात. अचानक गार वाऱ्याची झुळूक येते. घरातील मोठी माणसे लगेच ओळखतात आणि हाक देतात, “अरे, वरचे वाळवण उचला!” तोवर धुळीचा लोट गल्लीत शिरलेला असतो. दारे-खिडक्या धाडधाड आपटतात. कैऱ्यांचा सडा पडतो. कुठेतरी पत्रा खडखडतो. टपोरे थेंब, कधी गारा, डोळे दिपवणारा लखलखाट आणि मग घराघरांतून एकच आवाज येतो, “लाइट गेली!”

या पावसाला मराठीत वळीव किंवा वळवाचा पाऊस म्हणतात. तो फार तर तासभर टिकतो. त्याने झालेला अंधार मात्र कधी रात्रभर, तर कधी दोन-तीन दिवस टिकतो. असे का बरे होते?

आधी वारा कसा सुटतो ते पाहू. उन्हाने जमीन तापते. जमिनीलगतची हवाही तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. त्या हवेत समुद्राकडून आलेली वाफ असेल, तर उंचावर तिचे पाणी व बर्फाचे कण बनतात आणि ढग तयार होतो. हा ढग डोंगरासारखा वाढत जातो. त्याचा माथा दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत पोचतो. धाराशिव शहर बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले आहे, पण आपला बालाघाट या ढगापुढे अगदी ठेंगणा! ढगात पाणी मावेनासे झाले, की पाऊस खाली येऊ लागतो. वाटेत कोरड्या हवेत काही थेंब सुकतात. माठातील पाणी कसे गार होते, ते तुम्हांला ठाऊक आहे. पाणी झिरपते, सुकते आणि सुकताना उष्णता शोषून घेते. ढगाखाली तसेच घडते. तेथील हवा एकदम गार होते. गार हवा जड असते. ती वरून खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. जमिनीवर बादलीभर पाणी ओतले, की ते कसे पसरते, तसेच. पावसाच्या आधी येणारा तो गार, सुसाट वारा म्हणजे ढगातून खाली ओतलेली हवाच होय.

हा वारा जे दुबळे असेल ते शोधून काढतो. गुलमोहर दिसायला सुंदर, पण त्याची मुळे उथळ असतात आणि लाकूड ठिसूळ असते. तो लवकर मोडतो. मुळे सिमेंटच्या रस्त्यात कोंडलेले झाड तर मुळासकट उपटते. पडताना ते विजेच्या तारांवर पडते. एक तार ताणली, की खांब वाकतो. एका खांबाच्या ओढीने पुढचे दोन-तीन खांबही झुकतात.

वाऱ्याचे दुसरे भक्ष्य म्हणजे घरावरचे पत्रे. आपल्या भागात पत्र्याची घरे इतकी का आहेत, यामागे एक दुःखद इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या वेळच्या लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली होती. त्यानंतर लोकांनी माळवदाचा धसका घेतला. डोक्यावर हलके छत असावे, असे अनेकांना वाटू लागले. भूकंपात हलके छत चांगले, हे खरेच आहे. पण वाऱ्याला हलकी वस्तू हवीच असते! पत्रे उडू नयेत म्हणून लोक त्यांवर मोठे दगड ठेवतात. वादळात पत्रा उचलला जातो आणि तोच दगड खाली बसलेल्या माणसाच्या अंगावर पडतो. वाऱ्याने वाचवलेले माणूस अशा दगडाने दगावते. म्हणून पत्रे दगडांनी दाबू नयेत. ते लोखंडी आकड्यांनी व नटबोल्टांनी खालच्या अँगलला घट्ट जखडावेत. हे काम मे महिन्यात करून उपयोग नाही, ते हिवाळ्यातच करून घ्यावे.

मोठ्या शहरांत आणखी एक धोका असतो. १३ मे २०२४ रोजी दुपारी मुंबईत असेच धुळीचे वादळ आले. घाटकोपर येथे सुमारे १२० फूट लांब व तितकाच उंच जाहिरातीचा फलक पेट्रोल पंपावर कोसळला. पावसापासून आडोसा म्हणून तेथे थांबलेली माणसे त्याखाली सापडली. सतरा जणांचा जीव गेला. म्हणून वादळात फलकाखाली, जुन्या भिंतीलगत किंवा झाडाखाली कधीही उभे राहू नये.

आता विजेकडे वळू. आपल्या घरात येणारी वीज फार दूरवरून येते. कालव्याचे पाणी जसे मोठ्या कालव्यातून लहान चारीत आणि चारीतून शेतात येते, तसाच विजेचा प्रवास असतो. मोठमोठ्या मनोऱ्यांवरील तारांतून ती शहराजवळ येते. पुढे ३३ हजार व्होल्टच्या तारांतून उपकेंद्रात येते. उपकेंद्रातून ११ हजार व्होल्टच्या वाहिन्या निघतात. यांना बोलीभाषेत फीडर म्हणतात. या वाहिन्या मोहल्ल्यातील रोहित्रापर्यंत येतात. ज्याला आपण सारे ‘डीपी’ म्हणतो, तेच हे रोहित्र. रोहित्र विजेचा दाब कमी करते आणि मग २३० व्होल्टची वीज आपल्या घरात येते.

हा प्रवास एकदा समजला, की पुष्कळ रुसवेफुगवे आपोआप मिटतात. वादळानंतर लोक चिडून म्हणतात, “पलीकडच्या गल्लीत लाइट आली, आपल्याकडेच का नाही?” तुम्ही त्यांना समजावून सांगू शकता. पलीकडची गल्ली कदाचित दुसऱ्या फीडरवर असेल. किंवा आपल्या डीपीचा फ्यूज गेला असेल. किंवा आपल्याच खांबावरची तार तुटली असेल. दुरुस्ती नेहमी वरून खाली करत आणावी लागते. मोठा कालवा फुटलेला असताना शेतातील पाट दुरुस्त करून काय उपयोग? म्हणून आधी ३३ हजारांची वाहिनी, मग उपकेंद्र, मग फीडर, मग डीपी आणि सर्वांत शेवटी एकेका घराची तार, असा क्रम असतो. त्यातही दवाखाने व पाणीपुरवठा यांना आधी वीज द्यावी लागते. एक फीडर सुरू झाला, की हजारो घरे उजळतात. एका घराची तार जोडली, की एकच घर उजळते. म्हणून ज्याची एकट्याची तार तुटली आहे, त्याला सर्वांत जास्त वाट पाहावी लागते. यात पक्षपात नसतो, हिशेब असतो.

कधी कधी वादळ येण्याआधीच वीज बंद होते. तेव्हाही लोक रागावतात. पण वारा वाढला, की तारा एकमेकींना घासतात, ठिणग्या उडतात. कोणती तार कोठे तुटून पडेल याचा नेम नसतो. अशा वेळी चालू वीज म्हणजे रस्त्यावर मोकळा सोडलेला साप. म्हणून उपकेंद्रातून ती मुद्दाम बंद करतात.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. या पाठातील बाकी सारे विसरलात तरी चालेल, पण ही विसरू नका. तुटून पडलेली तार मेलेली आहे, असे कधीही समजू नये. तार जमिनीवर पडली, की उपकेंद्रातील यंत्र बहुतेक वेळा आपोआप वीज तोडते. पण तार कोरड्या मुरमावर किंवा खडकावर पडली, तर तिच्यातून जमिनीत फार थोडी वीज उतरते. यंत्राला कधी कधी पत्ताच लागत नाही. तार शांत पडलेली दिसते. ठिणगी नसते, आवाज नसतो. पण तिच्यात हजारो व्होल्टची वीज असू शकते. आणि आपल्याकडे मुरूम व खडक किती आहे, हे वेगळे सांगायला नको. शिवाय बंद असलेली वाहिनी कोणत्याही क्षणी पुन्हा सुरू होऊ शकते.

अशी तार दिसली तर तिच्यापासून किमान पंधरा पावले दूर थांबावे. इतरांनाही थांबवावे. चेंडू तेथे गेला असेल तर जाऊ द्यावा. बकरी तेथे तडफडत असेल, तर जीव कितीही तुटला तरी हात लावू नये. माणूस चिकटला असेल तर त्याला हाताने ओढू नये, नाही तर एकाचे दोन बळी होतात. वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर ताबडतोब कळवावे व आधी वीज बंद करवून घ्यावी. आपण नकळत तारेच्या जवळ गेलोच असू, तर लांब ढांगा टाकून पळू नये. दोन पायांत अंतर पडले, की एका पायातून वीज शिरते व दुसऱ्यातून बाहेर पडते. दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, घासत घासत मागे सरकावे. घरात लहान भावंडे असतील तर त्यांनाही हे खेळ म्हणून शिकवा. कपडे वाळत घालायची तार विजेच्या खांबाला कधीही बांधू नका.

आकाशातील विजेचेही असेच आहे. तिचा मार्ग क्षणभर सुमारे तीस हजार अंश सेल्सिअस इतका तापतो. त्यामुळे हवा एकदम फुगते आणि गडगडाट होतो. प्रकाश आधी दिसतो व आवाज मागून येतो. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून वीज चमकली, की एक, दोन, तीन असे आकडे मोजावेत. तीस मोजण्याच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. शेतात असताना झाडाखाली धाव घेणे ही तर सर्वांत मोठी चूक. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचे मोबाइल ॲप तयार केले आहे. आपल्या आसपास वीज पडण्याचा संभव असेल, तर ते सूचना देते. दामिनी म्हणजेही वीजच!

वीज गेल्यावर शहराचे काय होते, ते आता पाहू. दिवा आणि पंखा बंद होतो, हे तर झालेच. पण खरी अडचण दुसऱ्या दिवशी कळते. नळाला पाणी येत नाही. धाराशिव शहराला उजनी धरणाचे पाणी पंपांनी चढवून आणावे लागते. पंप थांबले, की नळ कोरडे पडतात. बोअरचा पंपही चालत नाही. पिठाची गिरणी बंद. मोबाइल हळूहळू मुका होतो. इन्व्हर्टर तीन-चार तासांत मान टाकतो. मशिदीतील ध्वनिक्षेपक बंद असतो. मुअज्जिन मोकळ्या आवाजात अजान देतात आणि वजूसाठी हौदातील पाणी पुरवून वापरावे लागते. दवाखान्यात लस थंड ठेवायची असते. घरी एखादा आजारी माणूस प्राणवायूच्या यंत्रावर असतो. त्याच्यासाठी वीज जाणे म्हणजे गैरसोय नसते, तो जीवनमरणाचा प्रश्न असतो.

अशा वेळी शेजारधर्म कामी येतो. ज्याच्या घरी विहीर किंवा आड आहे, त्याने दार उघडे ठेवावे. ज्याच्याकडे मोटारगाडी आहे, त्याने चार घरचे मोबाइल गाडीवर चार्ज करून द्यावेत. ज्याच्या घरचे पत्रे उडाले, त्याचे धान्य व पोरांची पुस्तके आपल्या घरात ठेवून घ्यावीत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या दारावर एकदा थाप मारून यावे. मेणबत्ती पडद्याजवळ किंवा अंथरुणाजवळ ठेवू नये. वादळाच्या रात्री घराला आग लागली, तर अग्निशामक बंबालाही पडलेल्या झाडांतून वाट काढावी लागते.

आणि ज्याच्याकडे जनरेटर आहे, त्याची जबाबदारी सर्वांत मोठी. आधी घराचा मुख्य स्विच बंद न करता काही लोक जनरेटर सुरू करतात. मग ती वीज उलट वाटेने तारेत जाते. डीपीत पोचल्यावर रोहित्र उलटे काम करते. एरवी ते अकरा हजारांचे दोनशेतीस करते, आता दोनशेतीसचे अकरा हजार करते! त्या वेळी वर खांबावर लाइनमन काम करत असतो. उपकेंद्रातून वीज बंद आहे, याची खात्री करून तो चढलेला असतो. त्याला काय माहीत, की खालच्या एका घरातून त्याचा मृत्यू निघाला आहे? तारेवर आकडा टाकणारे आणि घाई होऊन स्वतःच डीपीचा फ्यूज बसवणारे लोकही असाच धोका निर्माण करतात. आपली चार तासांची घाई दुसऱ्याच्या मुलांचा आयुष्यभराचा आधार हिरावून घेऊ शकते.

मित्रांनो, आपल्याकडील वादळ तासाभराचे असते. पण ज्यांच्यावर खरे चक्रीवादळ येते, त्यांचे काय होत असेल? त्यासाठी कोकणात जाऊ या. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता आणि झोत त्याहून जोराचे होते. जून महिन्यात इतके जबर चक्रीवादळ १८९१ नंतर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आले नव्हते. तेव्हा करोनाची टाळेबंदीही चालू होती. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा आणि रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली, मंडणगड या तालुक्यांना मोठा तडाखा बसला. हवामान खात्याने आधीच सूचना दिली होती. किनाऱ्यावरील हजारो लोकांना शाळांत व पक्क्या इमारतींत हलवले होते. त्यामुळे इतके मोठे वादळ येऊनही प्राणहानी थोडी झाली.

मात्र घरादारांची दैना झाली. कौले व पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धनची सुपारी प्रसिद्ध आहे. पोफळीचे झाड लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. आजोबांनी लावलेली बाग एका दुपारी गेली. विजेचे हजारो खांब पडले. मोबाइलचे मनोरे बंद पडले. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलांना गावाकडे आई-वडील सुखरूप आहेत की नाहीत, हे कळेना. कित्येक गावे कित्येक आठवडे अंधारात होती. पावसाळा तोंडावर आणि डोक्यावर छप्पर नाही! लोकांनी ताडपत्री बांधली. गावकऱ्यांनी करवती-कोयते घेऊन रस्त्यांवरची झाडे तोडली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले. दुसऱ्या जिल्ह्यांतून वीज कर्मचारी आले. डोंगरउतारावर, चिखलात, जेथे गाडी जात नाही तेथे सिमेंटचे व लोखंडी खांब माणसांनी खांद्यावर वाहून नेले. खांब उभा करायला आधी खड्डा खणावा लागतो, मग तार ओढावी लागते, मग ती ताणून बांधावी लागते. हे सारे एकेका खांबाला. आता हजारांनी गुणून पाहा.

नुकसान झाले, की सरकारी मदत मिळते. पण तिची रीत आपल्याला ठाऊक हवी. तलाठी येऊन नुकसानीची पाहणी करतात व ती लिहून घेतात. त्याला पंचनामा म्हणतात. पडक्या घराची, मेलेल्या जनावराची छायाचित्रे काढून ठेवावीत. पंचनामा होण्याआधी सारे साफ करून टाकू नये. नैसर्गिक आपत्तीत माणूस दगावला, तर त्याच्या वारसांना चार लाख रुपयांची मदत मिळते. अनेक घरांत मोठ्यांना मराठी अर्ज लिहिता येत नाही. मराठी शिकणारी मुले तेथे उपयोगी पडतात. तुम्ही शाळेत अर्जलेखन शिकता, ते केवळ गुणांसाठी नव्हे!

आपल्या जिल्ह्यातील वाशी, भूम, कळंब या भागांतील माळांवर आता उंच पवनचक्क्या उभ्या आहेत. वारा त्यांची पाती फिरवतो आणि त्यातून वीज तयार होते. पण वारा ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास गेला, की पवनचक्की स्वतःच आपली पाती वळवून थांबते. ती वाऱ्याशी झगडत नाही. वादळ ओसरले, की पुन्हा फिरू लागते. केव्हा काम करावे आणि केव्हा थांबावे, हे यंत्राला शिकवावे लागते. आपणही ते शिकायला हवे.

वीज येते तेव्हा सारा मोहल्ला एका सुरात ओरडतो, “आली!” पंखे फिरू लागतात. मुले टाळ्या पिटतात. दोन मिनिटांत सारे आपापल्या कामाला लागतात. त्या दोन मिनिटांत एवढे आठवावे, की वीज आपोआप आलेली नसते. भर पावसात, निसरड्या खांबावर, कमरेला पट्टा बांधून कोणीतरी ती आणलेली असते. आणि खाली तुटक्या तारेपासून मुलांना दूर ठेवणारा, मुख्य स्विच बंद ठेवणारा, शेजाऱ्याला घागरभर पाणी देणारा प्रत्येक माणूस त्या कामात त्याचा भागीदार असतो. तुम्हीही असे भागीदार व्हा.

शब्दार्थ

वळीव – उन्हाळ्यात येणारा वादळी पाऊस
वादळ – आँधी, तूफान
लोट – मोठा झोत
वाळवण – उन्हात वाळत घातलेले पदार्थ
माळवद – मातीचे सपाट छत
भक्ष्य – खाद्य, शिकार
रोहित्र – विजेचा दाब कमी-अधिक करणारे यंत्र, डीपी
चारी – कालव्याचा लहान फाटा
मुरूम – खडकाचा भरड चुरा
आड – लहान तोंडाची विहीर
पोफळ – सुपारीचे झाड
वारस – वारिस
आपत्ती – संकट, आफत

वाक्प्रचार

धसका घेणे – मनात भीती बसणे
मान टाकणे – बंद पडणे, दम संपणे
जीव तुटणे – फार कळवळा येणे
तोंडावर असणे – अगदी जवळ येणे
दैना होणे – वाईट अवस्था होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पावसाच्या आधी गार वारा का सुटतो?
(आ) पत्र्यांवर दगड का ठेवू नयेत?
(इ) ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोणत्या दिवशी किनाऱ्यावर धडकले?
(ई) पंचनामा म्हणजे काय?

२. योग्य क्रम लावा.
घरातील दिवा, उपकेंद्र, डीपी, ३३ हजार व्होल्टची वाहिनी, ११ हजार व्होल्टचा फीडर

३. कारणे द्या.
(अ) तुटून पडलेली तार मेलेली आहे, असे समजू नये.
(आ) ज्याची एकट्याची तार तुटली आहे, त्याला सर्वांत जास्त वाट पाहावी लागते.
(इ) जनरेटर सुरू करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा.

४. पुढील वाक्यांत ‘वीज’ या शब्दाचा कोणता अर्थ आहे ते लिहा.
(अ) शेतातील चिंचेवर वीज पडली.
(आ) परीक्षेच्या आदल्या रात्री वीज गेली.

५. पुढील वाक्यांचे मराठीत भाषांतर करा.
(अ) तूफान में दरख़्त गिर गया।
(आ) टूटे हुए तार को हाथ मत लगाओ।

६. पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहा.
‘आपली चार तासांची घाई दुसऱ्याच्या मुलांचा आयुष्यभराचा आधार हिरावून घेऊ शकते,’ असे लेखकाने का म्हटले आहे?

७. अर्जलेखन : तुमच्या मोहल्ल्यातील विजेचा एक खांब वादळात वाकला आहे. त्याची दुरुस्ती करावी, अशी विनंती करणारा अर्ज वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयाला लिहा.

८. उपक्रम : तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर धोक्याची झाडे, फलक, सैल तारा व वाकलेले खांब कोठे आहेत, याचा नकाशा काढा. लांबूनच पाहा, कशालाही हात लावू नका. नकाशा वर्गात लावा.